दुसरे घड्याळ

पहिले घड्याळ माणूस वेळ कळावी म्हणून घेतो. दुसरे कशासाठी घेतो? या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी गेल्या मार्गशीर्षात पुण्याहून उठून बिलोलीला गेलो, असे सांगितले की लोक माझ्याकडे जरा निरखून पाहतात. घड्याळासाठी माणसाने जिनिव्हाला जावे, फार तर मुंबईला जावे. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या उंबरठ्यावर असलेल्या बिलोलीत घड्याळाचे काय काम? पण त्याचे असे झाले.

२०२४ च्या श्रावणात मला सत्तर वर्षे पुरी झाली. बंगळुरूच्या चिरंजीवांनी आणि सूनबाईंनी मिळून मला एक ओमेगा घड्याळ भेट दिले. किंमत त्यांनी सांगितली नाही आणि मी विचारली नाही. पण सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला ती शोधून काढायला कितीसा वेळ लागणार? आकडा पाहिला आणि पहिले दोन दिवस मी ते घड्याळ कपाटात, सौभाग्यवतींच्या दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवून दिले. तिसऱ्या दिवशी घातले. चौथ्या दिवशी रोग जडला.

या रोगाची लक्षणे ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. एक चांगले घड्याळ हाती आले की त्याविषयी वाचावेसे वाटते. वाचता वाचता कळते की, आपल्याजवळ आहे ते केवळ रोजच्या वापराचे. म्हणजे समारंभासाठी वेगळे हवे. पातळ, सोनेरी, चामडी पट्ट्याचे. मग पाण्यात चालणारे हवे. मला पोहता येत नाही. तरीही दोनशे मीटर पाण्याचा दाब सोसणारे घड्याळ आपल्याकडे नाही, याची रुखरुख मला दोन महिने लागून राहिली होती. मग दोन देशांच्या वेळा एकदम दाखवणारे एक पसंत पडले. आमचे झाडून सारे नातेवाईक एकाच देशात, एकाच वेळेत राहतात ही गोष्ट मी सोयीस्करपणे विसरलो.

जाणकार मंडळी दुसरे घड्याळ घेणाऱ्याला काही गोष्टी बजावून सांगतात आणि त्या शहाणपणाच्या आहेत. पहिल्याची नक्कल घेऊ नये. पहिले जे करीत नाही ते दुसऱ्याने करावे. चावीच्या घड्याळाला दर पाच-सात वर्षांनी उघडून सफाई व तेलपाणी करावे लागते, तो खर्च आधीच धरावा. जुने घ्यायचे असेल तर घड्याळाआधी विकणारा माणूस पारखावा. कारण तबकडी नव्याने रंगवायची, एकाचे काटे दुसऱ्याला बसवायचे आणि ते अस्सल म्हणून खपवायचे, हा उद्योग आपल्याकडेही चालतो. हे सारे मी एका वहीत लिहून घेतले. त्याच वहीत पॅरिसच्या ब्रेगे या घड्याळजीची हकीकतही आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी त्याच्याकडे १७८३ साली एका घड्याळाची मागणी आली. त्या काळात ठाऊक असलेली सारी करामत त्यात असावी, अशी अट होती. घड्याळ तयार झाले १८२७ साली! राणी १७९३ सालीच गेली होती आणि खुद्द ब्रेगे १८२३ साली. गिऱ्हाईक नाही, कारागीर नाही, पण घड्याळ पुरे झाले. ही हकीकत मी घरात सर्वांना दोन-दोनदा सांगितली.

"एका हाताला किती घड्याळं बांधणार आहात?" सौ. म्हणाली, "दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असते तुमच्या."

त्या वर्षी भाऊबिजेला मी नांदेडला अक्काकडे गेलो. अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. अजून तिच्यासमोर मी पाय पसरून बसत नाही. ओवाळताना तिचे लक्ष मनगटाकडे गेले. मी फुशारकीने किंमत सांगितली आणि पुढे म्हणालो, "आता दुसरं घ्यायचं मनात आहे. तात्यांचं होतं ना, तसं जुनं वेस्ट एंड मिळालं तर बघतो आहे. त्यांनी मांजरेत घालवलं ते."

अक्काने तबक खाली ठेवले. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तात्यांचं घड्याळ मांजरेत पडलं नव्हतं."

इथे आमच्या तात्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. तात्या बिलोलीच्या मुन्सफ कोर्टात कारकून होते. १९५२ साली कोर्टाच्या कामासाठी ते हैदराबादला गेले आणि तेथे आबिद रोडवरच्या एका दुकानात त्यांनी आयुष्यातले पहिले घड्याळ घेतले. वेस्ट एंड हे नाव तेव्हा फौजेत आणि रेल्वेत भरवशाचे समजले जाई. घड्याळ हाताला बांधून तात्या गेले ते तडक दिवाण देवडीत. सालारजंगांचा वाडा पंडित नेहरूंच्या हस्ते १६ डिसेंबर १९५१ रोजी संग्रहालय म्हणून खुला झाला होता, आणि तिथल्या एका संगीत घड्याळात दर तासाला एक दाढीवाला बाहुला बाहेर येऊन तास वाजवतो, असे तात्यांनी ऐकले होते. बारा वाजता त्या बाहुल्याने ठोके दिले, त्याबरोबर तात्यांनी आपले नवे घड्याळ लावले. हा प्रसंग त्यांनी आम्हांला इतक्या वेळा सांगितला होता की, तो मी स्वतः पाहिल्यासारखा मला आठवतो.

पुढे अकरा वर्षे ते घड्याळ म्हणजे आमच्या गल्लीचे पंचांग होते. मुन्सफसाहेबसुद्धा, "कारकून, क्या वक्त हुआ?" असे विचारीत. १९६३ साली उन्हाळा संपता संपता एके दिवशी तात्या मनगट मोकळे घेऊन घरी आले. मांजरेत अंघोळ करताना पट्टा तुटला आणि घड्याळ वाहून गेले, असे त्यांनी सांगितले. आई संतापली. "एवढी एक वस्तू सांभाळता आली नाही" हे वाक्य तिने त्यानंतर सोळा वर्षे, म्हणजे १९७९ साली तात्या जाईपर्यंत, दर सणाला म्हटले. आम्ही मुलेही मागे नव्हतो. "मांजरेत मासे वेळेवर जेवतात" हा विनोद माझा. तात्या नुसते हसत.

"माझं मॅट्रिक झालं होतं," अक्का सांगू लागली. "पीपल्स कॉलेजात नाव घालायचं, खोली घ्यायची, पुस्तकं. घरात पैसा नव्हता आणि आईचा पोरीला नांदेडला ठेवायला विरोध. तात्यांनी शेटजींकडे घड्याळ गहाण टाकलं. आईला कळलं तर ती मला परत बोलावील म्हणून मांजरेचं नाव घेतलं. मला शपथ घातली होती. आता आईही नाही, तात्याही नाहीत. तू आज किंमत सांगितलीस म्हणून बोलले."

ते जेवण माझ्या घशाखाली उतरले नाही. पुण्याला परतल्यावर महिनाभर मी घड्याळांविषयी काही वाचले नाही. मग एक दिवस बॅग भरली. दुसरे घड्याळ घ्यायचेच तर तेच घ्यायचे, ते कुठे असेल तिथून आणि मागतील त्या किमतीला, असे ठरवून मी निघालो.

नांदेडहून बिलोलीला जाणारी एसटी नायगाव, नरसी करीत जाते. नरसी फाट्यावर गाडी रिकामी होते आणि पुन्हा भरते. मागच्या बाकावर मराठीत सुरू झालेले भांडण उर्दूत रंगते आणि तेलुगूत मिटते. काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस, हरभऱ्याची कोवळी हिरवाई आणि पावसाळ्यात वाहून आणलेल्या मातीने भरलेले ओढे. साठ वर्षांनी हा मुलूख पाहत होतो आणि काही म्हणता काही ओळखीचे वाटत नव्हते. ओळख पटली ती स्टँडवरच्या हॉटेलात. पोऱ्याने विचारले, "सुशीला देऊ का?" पुण्याच्या माणसाने दचकावे असाच प्रश्न! पण आमच्याकडे चुरमुऱ्यांच्या फोडणीच्या पोह्यांना सुशीला म्हणतात. धर्माबादच्या मिरचीचा पहिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले आणि मी गावात पोचलो.

बिलोलीत पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर बोट दाखवावे ते दगडी मशिदीकडे. औरंगजेबाच्या पदरच्या सर्फराज खानाच्या नावाने ती ओळखली जाते आणि तीन शतकांहून जुनी आहे. लहानपणी तिच्या सावलीवरून आम्ही शाळेची वेळ ठरवीत असू. गावात वेळ सांगणारे तेव्हा पुष्कळ होते. मशिदीची बांग, शाळेची घंटा, खजिन्यावरच्या पहारेकऱ्याचे पितळी तासावरचे टोले आणि तात्यांचे घड्याळ. या चौघांचे क्वचितच एकमत होई. घड्याळ इतरांहून पुढे असे, याचे कारण मला फार उशिरा कळले. सबंध देशाची प्रमाण वेळ १९०६ सालापासून साडेब्याऐंशी रेखांशावरून ठरते. बिलोली त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. म्हणून बिलोलीच्या डोक्यावर सूर्य येतो तो घड्याळात बारा वाजून गेल्यावर, सरासरीने एकोणीस मिनिटांनी. सावलीवर चालणारे गाव आळशी नव्हते; ते आपल्या सूर्याप्रमाणे वागत होते इतकेच.

वर्षांचेही तसेच. निजामाच्या राज्यात सरकारी वर्ष फसली असे. ते ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होई आणि इसवी सनाच्या सुमारे ५९० वर्षे मागे असे. तात्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १३३१ लिहिले होते. ते पाहून मी लहानपणी, "तात्या, तुम्ही ज्ञानेश्वरांच्या नंतर लगेच जन्मलात का?" असे विचारल्याचे आठवते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. बिलोलीची माणसे जागची हलली नाहीत, पण एकाच घरात बसून त्यांनी तीन राज्ये पाहिली. येसगीचा पूल ओलांडला की मांजरेपलीकडे आजही दुसरे राज्य लागते. अक्काच्या कितीतरी मैत्रिणी तिकडे बोधनला दिलेल्या.

बाजाराच्या गल्लीत शेटजींचे दुकान तेथेच होते. थोरले शेटजी जाऊन चाळीस वर्षे झाली. गादीवर धाकटे शेटजी बसले होते. वय वर्षे सत्याहत्तर. सावकारी केव्हाच बंद झाली होती. आता बियाणे व खताचे दुकान. मुलगा मोबाइलवर हिशेब करीत होता. मी नाव सांगितले, तात्यांचे नाव सांगितले. शेटजींनी चष्मा कपाळावर चढवला.

"कोर्टातल्या तात्याचं पोरगं व्हय तुम्ही?" ते म्हणाले, "बसा की. लई उशीर केलाव."

चहा आला. मी वाटेत ठरवलेले भाषण सुरू केले. जुन्या वस्तूंची मला आवड आहे, एक घड्याळ तुमच्याकडे असावे असे कळते, आपण म्हणाल ती किंमत... शेटजींनी हात वर करून मला थांबवले.

"गहाण सोडवाया आलाव का इकत घ्याया?"

"दोन्ही एकच नाही का?"

"एक कसं? इकत घ्याया आलाव तर ते इकाऊ न्हाई. दुसऱ्याचं हाय. सोडवाया आलाव तर खातं बघू."

ते उठले आणि आत गेले. बऱ्याच वेळाने लाल कापडात बांधलेली लांबट वही आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आले. वही तेलुगूत होती. मला एक अक्षर लागत नव्हते. शेटजी बोट फिरवीत वाचत आणि मराठीत सांगत गेले. घड्याळ एक. चालू. पट्टा चामडी, नवा. सन १९६३. रुपये पंच्याऐंशी.

पट्टा नवा! मांजरेत तुटलेला पट्टा! घड्याळ गहाण ठेवतानाही ते चांगले दिसावे म्हणून तात्यांनी नवा पट्टा घातला होता. मी वहीकडे पाहत राहिलो.

"खातं मिटलं न्हाई अजून," शेटजी म्हणाले. "म्हणून वस्तू बी मोडली न्हाई. आमचे बाप म्हणायचे, तात्या येतील. बदली झाली, पैसा जमला नसंल, पण माणूस येईल. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाला वह्यांसंगं हा डबा पाटावर ठेवतो. त्या दिवशी एकदा चावी देतो. चाललं की म्हणतो, हाय जित्तं. बापानंतर मी देऊ लालो."

त्यांनी डबा उघडला. फडक्यात गुंडाळलेले घड्याळ बाहेर काढले. तबकडी कडेने पिवळसर झालेली, पण आकडे स्वच्छ. पट्टा वाळून ताठ झालेला. शेटजींनी दोन बोटांनी चावी फिरवायला सुरुवात केली. मोजत असल्यासारखे त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी ते माझ्या कानाशी धरले.

वाचकहो, अशा जुन्या घड्याळाचे चाक तासाला अठरा हजार ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच, हे मी वहीत लिहून ठेवले होते. ते पाच ठोके मी नवव्या वर्षापर्यंत, तात्यांच्या हातावर डोके ठेवून झोपताना ऐकले होते, हे मात्र माझ्या वहीत नव्हते.

मी घाईघाईने पाकीट काढले. व्याज किती होईल म्हणून बँकेतल्या सवयीने मनात आकडे मांडू लागलो. एकसष्ट वर्षांचे चक्रवाढ व्याज म्हणजे गंमत नव्हे. शेटजी म्हणाले, "पंच्याऐंशी द्या."

"पण व्याज..."

"व्याज घेतलं असतं बापानं. त्यो मला सांगून गेला न्हाई किती ते. पंच्याऐंशी."

मी शंभराची नोट दिली. त्यांनी ती दोनदा उलटून पाहिली, गल्ल्यातून एक दहाची नोट आणि पाचाचे नाणे काढून माझ्या हातावर ठेवले. मग वहीत त्या ओळीवर एक आडवी रेघ मारली, खाली तारीख घातली आणि मला सही करायला लावली. मी गिऱ्हाईक म्हणून पायरी चढलो होतो. उतरताना कळले की, एकसष्ट वर्षे आमचे घर त्या दुकानाचे देणे लागत होते आणि देणेकऱ्याची वस्तू त्यांनी आमच्यापेक्षा बरी सांभाळली होती. कारण माझ्याही कपाटात एक घड्याळ होते. १९७७ साली पहिल्या पगारातून मी तात्यांना एच.एम.टी.चे 'जनता' घेऊन दिले होते. तात्या गेले त्या दिवशी ते हातावरून काढले, ते मी पंचेचाळीस वर्षांत एकदाही चावी देऊन पाहिले नव्हते.

सरळ पुण्याला परतावे असे मनात होते. पण खिशात ते घड्याळ टिकटिकत असता पाय हैदराबादकडे वळले. तात्यांनी ते ज्या वाटेने आणले त्या वाटेने एकदा उलटे जावे, असे वाटले. बिलोलीहून कुंडलवाडीवरून धर्माबादला निघालो. वाटेत अर्जापूर लागते. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात १९४६ साली येथे गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. त्यांचे स्मारक रस्त्यावरून जाणाऱ्याला हात जोडायला लावते. पुढे गोदावरी. बाभळीच्या बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा निकाल आहे. म्हणजे या मुलखात नदीसुद्धा आता तारखेवर चालते. धर्माबादला लाल मिरचीच्या ढिगांच्या वासात गाडीची वाट पाहिली आणि बासरच्या सरस्वतीला गाडीतूनच नमस्कार करून हैदराबाद गाठले.

सालारजंग संग्रहालय १९६८ साली दिवाण देवडीतून मुसी नदीकाठच्या प्रशस्त इमारतीत आले. ज्याच्या नावाने ते आहे तो तिसरा सालारजंग, मीर युसुफ अली खान. जन्म १८८९. अवघ्या तेविसाव्या वर्षी निजामाचा दिवाण झाला, १९१४ साली पद सोडले आणि पुढची पस्तीस वर्षे त्याने एकच काम केले, वस्तू जमवल्या. चित्रे, हस्तलिखिते, जेड, हस्तिदंत, पुतळे आणि घड्याळे. फ्रान्सची, इंग्लंडची, स्वित्झर्लंडची, जर्मनीची, हॉलंडची. माणसापेक्षा उंच लंबकाची घड्याळे आहेत, पोटातली सारी चाके उघडी टाकणारी आहेत, पिंजऱ्यातल्या पक्ष्याची आहेत, आणि भिंगातून पाहावे लागेल इतकी चिमुकलीही आहेत. दुसरे घड्याळ घ्यावे की नाही या विचारात महिने घालवणाऱ्या माझ्यासारख्याने त्या दालनात शिरताना चपलांबरोबर आपली वहीही बाहेर ठेवावी!

सालारजंगाने लग्न केले नाही. २ मार्च १९४९ रोजी तो वारला तेव्हा मागे ना मूल होते ना मृत्युपत्र. एवढ्या घड्याळांना चावी कोणी द्यायची, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या तरी मनात आला असेलच. पुढे संग्रह सरकारकडे आला, १९६१ साली संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्व दिले आणि त्या घड्याळांना सांभाळणारे हात मिळाले. म्हणून बिलोलीच्या एका कारकुनाला तिथे आपले घड्याळ लावता आले. उपभोगापेक्षा हाच त्या संग्रहाचा मोठा उपयोग झाला, असे मला त्या दिवशी वाटले.

संगीत घड्याळापुढे बाके मांडली आहेत. बाराला दहा कमी असतानाच ती भरली होती. शाळेची मुले, बुरख्यातल्या बाया, नवी जोडपी, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीचे हे घड्याळ. त्यातला लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारीत असतो. बारा वाजायला तीन मिनिटे असताना वरचे दार उघडले आणि दाढीवाला बाहेर आला. सबंध दालन "आला, आला" म्हणून सहा भाषांत ओरडले आणि मग एकदम शांत झाले. मी खिशातून तात्यांचे घड्याळ काढले. आदल्या दिवशीच्या बिलोलीपासून ते वीस मिनिटे मागे पडले होते. म्हणजे जवळजवळ बिलोलीच्या सूर्याएवढे. चावी ओढून दोन्ही काटे बारावर आणून ठेवले. बाराव्या ठोक्याला चावी आत दाबली.

शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या मियांनी पाहिले. "वालिद की है?" त्यांनी विचारले. मी मान हलवली. कसे ओळखले कोण जाणे!

पुण्याला आल्यावर दोन्ही घड्याळे, वेस्ट एंड आणि जनता, लक्ष्मी रोडच्या बाजूच्या बोळातल्या एका जुन्या घड्याळजीकडे नेली. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचे झाकण काढले आणि प्रथम मला फैलावर घेतले. "वाळलेल्या तेलावर चावी दिलीत? तेलाची चिकी झाली आहे आत. अशाने चाकांचे दांडे झिजतात." मग जरा वेळाने त्यांचा स्वर बदलला. तबकडीला कोणी रंग लावलेला नाही, काटे मूळचेच आहेत, कोणीतरी मध्ये दोनदा तरी ते उघडून स्वच्छ केले आहे, असे ते म्हणाले. झाकणाच्या आतल्या बाजूला घड्याळजी आपली खूण बारीक अक्षरात कोरून ठेवतात. तशा दोन खुणा त्यांनी मला दाखवल्या. दोन्ही तेलुगूत होत्या. शेटजींनी त्याचे पैसे मागितले नव्हते, आणि मला सांगितलेही नव्हते.

अक्का गेल्या चैत्रात आमच्याकडे आली होती. मी घड्याळ तिच्या हातात दिले. तिने ते कानाला लावले, बराच वेळ लावून ठेवले. मग पदराने काच पुसली आणि म्हणाली, "पंच्याऐंशीतले सत्तर फीला आणि खोलीला गेले होते. पंधरा रुपयांची तात्यांनी मला चप्पल आणि छत्री घेतली होती." शेटजींनी मला परत दिलेले पंधरा रुपये मी तिला सांगितले नाहीत. ते मी तसेच डब्यात ठेवले आहेत.

तर दुसऱ्या घड्याळाच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे. ज्याला हौस आहे आणि ऐपत आहे त्याने दुसरे घ्यावे, दहावेही घ्यावे. सालारजंगाने घेतली म्हणून तर तात्यांना बारा वाजता ठोके ऐकता आले. पण प्रत्येक नवे घड्याळ म्हणजे चावी देण्याची एक नवी जबाबदारी, ती आपल्या हातून होणार असेल तरच घ्यावे. आणि बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी आपल्याच घरातले कपाट एकदा उघडावे, आणि गावातली एखादी जुनी वही अजून आपले नाव धरून बसली आहे का, तेही पाहावे.

ओमेगा मी रोज वापरतो. मुलांनी प्रेमाने दिलेली वस्तू आहे. जनता मंगळवारी आणि वेस्ट एंड रविवारी. पाण्यातले घड्याळ राहून गेले. त्यासाठी बाजूला काढलेली रक्कम घड्याळजीला देऊन पुष्कळशी उरली आहे आणि सौ.चे तिच्यावर लक्ष आहे.

येत्या लक्ष्मीपूजनाला पाटावर एक पत्र्याचा डबा मांडायचा आहे. बिलोलीला फोन केला होता. शेटजी म्हणाले, "औंदा डबा रिकामा हाय आमचा. सुनं सुनं वाटतंय. तुम्ही द्या तिकडं चावी. सांजेला, दिवा लावल्यावर."